बाळाचे कान कुठे टोचावेत: गुजरीतला सोनार, दुकानातली गन की दवाखाना?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. सासूबाईंचं म्हणणं, घरातल्या सगळ्यांचे कान गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सोनारपेठेत, ज्यांच्याकडे टोचले त्यांच्याकडेच हिचेही टोचायचे. मिस्टरांना दुकानातली कान टोचायची गन बरी वाटते, कारण दोन सेकंदांत काम होतं. बहीण म्हणते, डॉक्टरशिवाय कुणाला हात लावू देऊ नकोस. शिवाय तुमच्या तेरा वर्षांच्या भाचीला कानाच्या वरच्या बाजूला टोचायचंय, तेही तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापुरात कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करते. टोचलेले कान माझ्याकडे येतात ते बहुतेक बिघडल्यावरच. चांगले टोचलेले कान मला कशाला दिसतील? माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, तेवढं धरून वाचा. तुमच्या मुलीपुरतं सरळ सांगायचं तर सोनं सासूबाईंच्या सोनाराकडून घ्या, टोचणं दवाखान्यात सुईने करून घ्या आणि गन नको. पण त्यामागचं कारण कळलं तर पुढे नाक टोचताना, भाचीच्या वेळी किंवा शेजारीण विचारायला आली तरी उपयोगी पडेल. जागेच्या पाटीवर काय लिहिलंय याला मी फार महत्त्व देत नाही. कातडीच्या आत काय जाणार आहे, ते कसं निर्जंतुक केलंय आणि ते धरणाऱ्या हाताने त्याआधी काय धरलं होतं, एवढं तपासायचं. या तिन्हींत पक्का असलेला सोनार मला ढिसाळ दवाखान्यापेक्षा परवडतो. असे दवाखानेही असतात.

आधी वयाचं बघू. आपल्याकडे बऱ्याच घरांत बारशालाच कान टोचतात. मी त्याला नाही म्हणते. बाराव्या दिवशी बाळाला धनुर्वाताच्या लसीचा एकही डोस मिळालेला नसतो. आईने गरोदरपणात घेतलेल्या इंजेक्शनाचं थोडं संरक्षण असतं, पण त्यावर विसंबून मुद्दाम जखम करू नये. सरकारी वेळापत्रकात पेंटाव्हॅलंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना असते आणि धनुर्वाताची लस त्यातच येते. दुसरं कारण तापाचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट ताप आला तरी आम्ही तो साधा ताप धरत नाही. रक्त तपासावं लागतं, बऱ्याचदा दाखल करून घ्यावं लागतं. टोचलेल्या कानामुळे ही वेळ ओढवून घेण्यात काहीच अर्थ नाही.

तुमच्या मुलीचा तिसरा डोस नुकताच झाला असेल किंवा आता असेल. तो झाला की दोन आठवडे जाऊ द्या, मग टोचा. डोस आणि कान एकाच आठवड्यात नकोत, कारण मग ताप आला तर तो लसीचा की कानाचा हे कुणालाच सांगता येत नाही. चौथा ते सहावा महिना मला सर्वांत सोयीचा वाटतो. लस झालेली असते आणि हात अजून कानापर्यंत नेमके पोचत नसतात. सातव्या-आठव्या महिन्यापासून बाळ कान ओढायला लागतं. एक ते चार वर्षांच्या मुलांचे कान टोचणं म्हणजे घरभर कुस्ती, ते वय शक्यतो टाळा. आता जमलं नाही तर सहा-सात वर्षांची होऊन ती स्वतः मागेल तेव्हा टोचा, काहीही बिघडत नाही. कान टोचल्याने बुद्धी तल्लख होते, दमा जातो, असं सांगणारे भेटतील. त्याला आधार नाही. आपण दागिन्यासाठी आणि हौसेसाठी टोचतो, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

सासूबाईंना पटवायचं असेल तर एक सांगा. सुश्रुतसंहितेत कर्णवेधासाठी सहावा किंवा सातवा महिना दिलेला आहे. कान सूर्यप्रकाशात धरून, आतून उजेड दिसतो ती पातळ जागा शोधून टोचायला सांगितलंय. चुकीच्या जागी टोचलं तर रक्त येतं आणि दुखतं, हेही तिथे आहे. कानाच्या पाळीच्या मागे टॉर्च धरून बघायची माझी सवय त्याच जातीची. त्यामुळे थांबलं तर परंपरा मोडते असं काही नाही.

काही मुलांच्या बाबतीत मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तारीखच ठरवू नका. जन्मतः हृदयाचा दोष असलेली मुलं, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार असलेली मुलं, आणि जन्माच्या वेळी रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन ‘के’चं इंजेक्शन मिळालं की नाही हे माहीत नसलेली मुलं, ही त्यात आली. कानामागे चिरा पडून पाणी येत असेल, इसब असेल, कान फुटला असेल किंवा नुसती सर्दी-ताप असेल तर ते बरं होईपर्यंत थांबा. तुमच्या किंवा मिस्टरांच्या घरी लसीच्या, ऑपरेशनच्या जागी व्रण फुगून गाठ होण्याची प्रवृत्ती आहे का तेही आठवून बघा. ती असेल तर मोठेपणी टोचण्यापेक्षा लहानपणी टोचलेलं बरं. अकराव्या वर्षानंतर टोचलेल्या कानांवर अशा गाठी जास्त येतात.

आता गन. मिस्टरांची बाजू मला कळते. खट् आवाज होतो, बाळ रडतं, संपलं. पण त्या दोन सेकंदांत काय होतं ते बघा. सुई धारदार असते, ती कातडीत वाट कापत जाते. गनमधली खुंटी, म्हणजे कानातल्याचीच दांडी, सुईपेक्षा जाड आणि बोथट असते. ती स्प्रिंगच्या जोराने पाळीतून ढकलली जाते आणि आजूबाजूची कातडी चेंगरते. त्याच झटक्यात मागून फुलपाखरासारखी क्लिप घट्ट बसते. टोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाळी थोडी सुजतेच. सुजेला मागे-पुढे जागा नसली की क्लिप कातडीत रुतते आणि तिच्यावर कातडी चढायला लागते. ती काढायला बाळाला माझ्यासारखीच्या टेबलावर यावं लागतं. बरं, खुंटीची लांबी बाळाचं माप घेऊन केलेली नसते. पातळ पाळीतून ती मागे बाहेर राहते आणि बाळ झोपलं की कानामागे टोचत राहते.

स्वच्छतेचा मुद्दा याहून मोठा. पुष्कळ गनचं अंग प्लॅस्टिकचं असतं. ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करायच्या यंत्रात, टाकलं तर वितळेल. मग ते स्पिरिटने पुसतात. स्पिरिटने बरेच जंतू मरतात, धनुर्वाताचे बीजाणू मरत नाहीत. आधीच्या गिऱ्हाइकाच्या रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा शिंतोडा गनवर राहिला तर? हेपटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. बाळाला त्याची लस मिळालेली असते, पण हेपटायटिस सी आणि एचआयव्हीला लस नाही.

न्याय म्हणून हेही सांगते की सगळ्या गन सारख्या नाहीत. काही पद्धतींत खुंटी आणि तिला धरणारा कानाला लागणारा सगळा भाग कारखान्यातूनच निर्जंतुक करून बंद पाकिटात येतो. तो तुमच्यासमोर फोडतात, हाताच्या दाबाने टोचतात आणि वापरून फेकून देतात. चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलीच्या पाळीसाठी असली पद्धत मला चालते, फक्त मागची क्लिप सैल हवी. तुमच्या बाळासाठी तीही माझी पहिली निवड नाही. यात्रेतल्या, फुटपाथवरच्या स्टॉलवर एकच गन घेऊन बसलेल्या माणसाकडे मात्र मोठ्या माणसानेही कान देऊ नये.

सोनारांविषयी मला मनापासून आदर आहे. पिढीजात टोचणाऱ्याचा हात बघण्यासारखा असतो. बाळाने मान हलवायच्या आत तार आरपार गेलेली असते, दोन्ही भोकं एका रेषेत येतात. तार बारीक असते, मागे क्लिप नसते, पाळी सुजली तरी तिला जागा मिळते. शस्त्रक्रियेच्या अंगाने बघितलं तर ही पद्धत गनपेक्षा उजवी आहे. अडचण त्या तारेभोवतीच्या सगळ्यात आहे. तार नुकतीच कापून, टोक घासून, पॉलिश होऊन आलेली असते. ती वळवायचा चिमटा दिवसभर दागिन्यांवर चालतो. हात मघाशी पैशांना, मोबाइलला, तराजूला लागलेले असतात. कापूस उघड्या डब्यातला. टोचून झालं की वर हळद आणि खोबरेल. यातलं काहीही सोनाराच्या वाईट हेतूने होत नाही. त्याचं दुकान दागिन्यांसाठी आहे, जखमेसाठी नाही, एवढंच.

कुणी म्हणेल, आम्ही तार उकळून घेतो. उकळणं न करण्यापेक्षा बरं, पण पाणी १०० अंशांच्या वर जात नाही आणि धनुर्वाताचे बीजाणू त्यातून वाचतात. कुणी तारेचं टोक ज्योतीवर धरतो. लाल होईपर्यंत धरलं तर जंतू मरतील, पण मग त्यावर काजळी बसते आणि गार होताना ते पुन्हा कशाला तरी टेकतं.

म्हणून दोन्ही घरं राखणारा मार्ग सुचवते. सासूबाईंनी त्यांच्या नेहमीच्या दुकानातून तार किंवा बाळी करून घ्यावी. ती साधी असावी, खडा नको, मोती नको. खडे आणि मोती यंत्रातल्या उष्णतेत टिकत नाहीत आणि खाचांमध्ये मळ राहतो. ती बाळी टोचायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात नेऊन द्या, म्हणजे ते ती पाकिटात घालून ऑटोक्लेव्ह करून ठेवतील. पाकिटावरची पट्टी तापमान मिळाल्यावर काळी पडते. ती काळी झालेली बघा आणि पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. सोनाराच्याच हातून टोचायचा आग्रह घरात मोडत नसेल तर तार आणि चिमटा दोन्ही असेच निर्जंतुक करून न्या, सोनाराला साबणाने हात धुऊन नवे हातमोजे घालायला सांगा आणि पाकीट टोचायच्या क्षणी उघडा. बहुतेक सोनार याला नाही म्हणत नाहीत. जो चिडेल त्याच्याकडे टोचू नका.

आता दवाखाना निवडायचा कसा. बालरोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन आणि आम्ही कान-नाक-घसावाले, यांतले काहीजण हे काम करतात, सगळे करत नाहीत. राजारामपुरी, शाहूपुरीकडे दवाखाने रांगेने आहेत, त्यामुळे आधी फोन करून विचारायला कचरू नका. पहिला प्रश्न: सुईने टोचता की मशिनने? मशिनने असेल तर कानाला लागणारा भाग पाकिटातून येतो का आणि फेकून देता का? दुसरा: आमची स्वतःची सोन्याची बाळी आधी दिली तर ऑटोक्लेव्ह करून वापराल का? तिसरा: स्वतः डॉक्टर टोचतात की मदतनीस? मदतनीस टोचत असेल तर लगेच नाक मुरडू नका, फक्त इतक्या लहान बाळांचे कान रोज टोचतो का ते विचारा. चौथा: नंतर काही झालं तर कुणाला दाखवायचं? शेवटच्या प्रश्नाला जिथे "काही होत नाही हो" एवढंच उत्तर येतं, तिथे मी माझ्या नातीला नेणार नाही. दर विचाराल तेव्हा त्यात पुन्हा दाखवायला येणं धरलंय का तेही विचारून घ्या.

प्रत्यक्ष गेल्यावर बघायचं ते थोडंच. तिथे हात धुतात का आणि नवे हातमोजे घालतात का? हातमोजे घालून फोन उचलला तर ते बदलायला सांगा, संकोच करू नका. जंतुनाशकाची बाटली महिनोन् महिने भरत राहिलेली तर नाही ना? ही शंका उगाच काढलेली नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यात २००० साली एकाच स्टॉलवर कान टोचलेल्या अनेकांना संसर्ग झाला आणि तपासात जंतू सापडले ते जंतुनाशकाच्याच फवाऱ्याच्या बाटलीत. संसर्ग पक्का ठरलेले सगळे कान वरच्या कूर्चेत, म्हणजे कानाच्या लवचिक हाडात, टोचलेले होते. त्याकडे भाचीच्या वेळी येते.

खुणेवर वेळ घालवा. बाळाची पाळी इवलीशी असते आणि पुढे वाढते. आज जरा खाली पडलेलं भोक वीस वर्षांनी पाळीच्या काठाला आलेलं असतं. मग लग्नात झुबे घातले की पाळी फाटते. कान शिवायला येणाऱ्या बायकांची भोकं बरेचदा मुळातच खाली टोचलेली असतात. म्हणून बाळाला मांडीवर सरळ बसवून, मान मध्ये धरून, दोन्ही कानांवर आधी शाईने खूण करायची. आडव्या बाळाच्या पाळ्या एका बाजूला ओढल्या जातात. समोरून तुम्ही बघा, आजीला बघू दे, मगच हो म्हणा. आजीची नजर याबाबतीत माझ्यापेक्षा तयार असते.

सोनं कोणतं? २२ कॅरेटची तार मऊ असते, कातडीला सहसा त्रास देत नाही. हॉलमार्कच्या सोन्यावर आता सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो, १ एप्रिल २०२३ पासून तो बंधनकारक आहे. पण दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि बाळाची बाळी साधारण त्याच्या आतच बसते. शिक्का नाही म्हणून सोनं खोटं असं समजू नका, मात्र अशा वेळी ओळखीचं, पक्की पावती देणारं दुकान बरं. इथे सासूबाईंचा नेहमीचा सोनार खरा उपयोगी पडतो. व्हाइट गोल्ड नको, त्यात निकेल असू शकतं. वन ग्रॅमचे दागिने म्हणजे दुसऱ्या धातूवर सोन्याचा मुलामा, ताज्या जखमेत ते अजिबात नकोत. निकेलची ऍलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते आणि पुढे घड्याळाच्या पट्ट्याने, जीन्सच्या बटनानेही खाज सुटते. हुपरीची चांदी पायात कितीही शोभली तरी ओल्या भोकात घालू नये, ती काळी पडते आणि डाग सोडते. सोनं परवडत नसेल तर इम्प्लांट ग्रेड, म्हणजे शरीरात बसवायच्या दर्जाच्या, टायटेनियमची खुंटी उत्तम. तार घेताना केसासारखी बारीक घेऊ नका. फार बारीक तार पाळीला हळूहळू कापत खाली सरकते. टोकं आत वळवलेली आणि गुळगुळीत हवीत, बोट फिरवून बघा.

टोचायच्या दिवशी सकाळची वेळ घ्या, म्हणजे काही बिघडलं तर दिवसभर दवाखाने उघडे असतात. बऱ्याच घरांत जावळ आणि कान एकाच दिवशी उरकतात, मामा आलेलाच असतो म्हणून. ते वेगळं करा. कापलेले बारीक केस ओल्या जखमेत अडकतात आणि आठवडाभर त्रास देतात. जावळ आधी, कान पंधरा दिवसांनी. मामाला दोनदा जेवायला मिळेल.

बधिर करायचं मलम मिळतं, पण ते स्वतःहून आणून चोपडू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळांत त्यातल्या औषधाने रक्ताची प्राणवायू वाहायची क्षमता कमी होऊ शकते. त्यापुढेही प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. नीट काम करायचं असेल तर ते सुमारे तासभर आधी लावून झाकून ठेवावं लागतं, पाच मिनिटं आधी लावून फक्त मनाचं समाधान होतं. सगळ्यात चांगलं औषध तुमच्याकडेच आहे: टोचताना किंवा टोचल्याबरोबर अंगावर पाजा. त्याने बाळाचं दुखणं कमी होतं, हे नीट तपासलं गेलेलं आहे. पॅरासिटामॉल आधीच देऊन नेऊ नका. लागलंच तर वजनावरून किती ते डॉक्टर सांगतील.

नंतरच्या काळजीत लोक जेवढं कमी करतील तेवढं बरं, पण घरात कुणाला गप्प बसवत नाही. दिवसातून दोनदा, हात साबणाने धुऊन, निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ गॉजने पुढून-मागून टिपायचं. झालं. खपली आली तर भिजवून आपोआप सुटू द्या, नखाने काढू नका. तार फिरवायची नाही. "फिरवली नाही तर चिकटेल" हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, पण फिरवलं की भोकात आत तयार होणारी नवी कातडी रोज फाटते आणि बाहेरची खपली आत जाते. हळद नको, खोबरेल नको, राख नको, कडुलिंबाची काडी तर नकोच. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, त्याने नवी कातडी जळते. घरात पडून असलेलं जखमेचं मलम लावायचा मोह आवरा. निओमायसिन गटातल्या औषधांची ऍलर्जी येऊन कान लाल होतो आणि मग संसर्ग झाला म्हणून आणखी मलम लागतं.

न्हाऊ घालणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: तेलाचा हात कानाच्या पाळीला लावायचा नाही आणि टॉवेलने कान खसाखसा पुसायचा नाही. आंघोळीनंतर पाळी हलकेच टिपून कोरडी करायची. लोकरीचं टोपडं महिनाभर कपाटात, तार त्याच्या विणीत अडकते. पाजताना कान तुमच्या ओढणीत, मंगळसूत्रात अडकणार नाही अशी बाळाची बाजू धरा. पावसाळ्यात टोपी-झबली नीट वाळत नाहीत, दमट कपडा कानाशी नको.

पाळीचं भोक भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर बाळी काढायची नाही. त्यानंतर बदललीत तरी कान रिकामा ठेवू नका, पहिले काही महिने भोक चटकन बुजतं. बदलताना फिरकीचं कानातलं घेणार असाल तर फिरकी घट्ट बसते ना हे रोज बघा. सुटलेली फिरकी बाळ तोंडात किंवा नाकात घालतं, आणि मग पुन्हा माझ्याकडे यायची वेळ येते.

पहिले दोन-तीन दिवस थोडा लालपणा, हात लावला की रडणं, पांढरट पाण्यासारखं वाळलेलं काही दिसणं, हे चालतं. तिसऱ्या दिवसानंतर लालपणा वाढत चालला, पाळी गरम आणि टणक झाली, पिवळा-हिरवा पू आला, तार किंवा क्लिप कातडीत बुडू लागली, कानामागे गाठ आली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. रात्र असेल तर सीपीआर हे इथलं सरकारी रुग्णालय असो की जवळचं हॉस्पिटल, सकाळची वाट बघत बसू नका. घरी बाळी ओढून काढू नका. वरून भोक बंद होतं आणि पू आत कोंडतो. काढायची की ठेवायची ते बघून ठरवावं लागतं. भोक चुकलंय, फाटलंय असं झालं तर आधीचं पूर्ण भरून काही महिने गेल्यावर दुसऱ्या जागी टोचता येतं, घाई नको.

राहिली भाची. पाळी म्हणजे कातडी आणि चरबी, तिथे रक्तपुरवठा भरपूर, जखम लवकर भरते. वरचा कान म्हणजे कूर्चा. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून ती जगते. तिथे जंतू शिरला की शरीराची फौज आणि औषध दोन्ही उशिरा पोचतात. कूर्चा विरघळली की कान आक्रसून बसतो, तालमीतल्या पैलवानाच्या कानासारखा. पैलवानाचा मार बसून, आवरणाखाली रक्त साकळून होतो, हिचा पू होऊन होईल, पण आकार तोच, आणि पूर्वीसारखा करणं फार अवघड. या जागेचा नेहमीचा जंतू स्यूडोमोनास आहे. मेडिकलमधून सर्रास आणल्या जाणाऱ्या अमॉक्सिसिलिनसारख्या गोळ्यांना तो दाद देत नाही. चार दिवस त्या गोळ्या घेत बसलं की कूर्चा गेलेली असते.

आपल्याकडे बुगडी आणि भिकबाळी वरच घालतात, तेव्हा ही हौस काही बाहेरून आलेली नाही. तिला नाही म्हणा असं मी सांगणार नाही. पण वरच्या कानाला गन कधीच नको, बंद पाकिटातलीही नको, तिथे फक्त निर्जंतुक पोकळ सुई आणि सवयीचा हात. भरायला चार-सहा महिने, कधी वर्षही लागतं. तोवर त्या कुशीवर झोपायचं नाही, कानावर हेडफोन दाबायचा नाही, आणि रंकाळा, पंचगंगा, विहीर, पोहण्याचा तलाव, कुठेच कान बुडवायचा नाही. सुट्टीतलं पोहणं संपल्यावर तारीख काढा. हे सगळं ऐकून ती पाळीतच दुसऱ्या भोकावर राजी झाली तर उत्तम, ते वर सांगितलेली काळजी घेणाऱ्या कुठल्याही ठिकाणी नीट होतं. वरचंच हवं असेल तर एवढं तिला तोंडपाठ करायला लावा: टोचल्याच्या जागेपासून वर लाली चढायला लागली, कान गरम झाला, हात लावू देईना, तर मेडिकलमधून गोळी आणायची नाही, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं, रविवार असला तरी.